ती परत येते

आमच्या मावशीचा राग किती चढलाय हे कळायला थर्मामीटर लागत नाही. ती काकांना काय म्हणून हाक मारते तेवढं ऐकायचं. दोघांचा प्रेमविवाह, त्यामुळे हवा स्वच्छ असली की ‘अरे’. ढग आले की ‘अहो’. आणि एकदा का ‘आपण’ सुरू झालं, की शेजारचं मांजरसुद्धा त्यांच्या कठड्यावरून न जाता खालून वळसा घालून जातं. “आपण चहा घेणार का?” या प्रश्नाला काकांनी कधी ‘हो’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

मावशीला राग यायला कारण लागत नाही असं माझी आई म्हणते. सख्खी बहीण असूनही हे तिचं म्हणणं अन्यायाचं आहे. मावशीला कारण लागतं. जगात कारणं मुबलक आहेत, त्याला ती काय करणार?

ती चित्रसंग्रहालयात राखणदार आहे. एका दालनाच्या कोपऱ्यात लाकडी खुर्ची, त्या खुर्चीवर मावशी, आणि मावशीच्या नजरेच्या टप्प्यात लोकांची वागणूक. समोरच्या भिंतीवर लढाईचं एक अवाढव्य चित्र आहे. त्यात घोडे, धूर, आणि ज्याला अजून कळलेलं नाही की आपण मेलोय असा एक सरदार. येणारा प्रत्येक माणूस त्या चित्राकडे पाठ करून उभा राहतो आणि स्वतःचा फोटो काढतो. मावशी खुर्चीवरूनच सांगते, “घोड्याकडे तोंड करा. तो तुमच्यापेक्षा बरा दिसतो.” तिच्याविरुद्धच्या तक्रारींची संग्रहालयात एक वेगळी फाईल आहे म्हणे. साहेब बदलतात, फाईल जाड होते, मावशी खुर्चीवरच.

त्या लढाईवर तिचा काडीचा जीव नाही. तिचा जीव खिडकीशेजारच्या एका वीतभर चित्रावर. घराचा पॅसेज, रंग उडालेली भिंत, आणि जमिनीवर उघडी करून ठेवलेली ओली छत्री. छत्रीखाली पाण्याचं लहानसं थारोळं. बस. माणूस नाही, काणूस नाही. लोक त्याच्यासमोरून पुढे जातात, कारण पुढे स्वच्छतागृह आहे. एखादा चुकून थांबला तर मावशी खुर्ची सोडून उठते आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणते, “छत्री ओली आहे. म्हणजे कुणीतरी घरी आलंय. आत्ताच. पाऊल ऐकू आलं नाही तुम्हाला?” घाबरून तो माणूसही पुढे जातो.

सिनेमाच्या बाबतीत तिचं मत असंच ठाम. ज्या सिनेमात संगीत सांगतं की आता रडा, तो तिला चालत नाही. “रडायचं कधी ते मी ठरवीन. त्या व्हायोलिनवाल्याला कुणी विचारलंय?” आमच्या लहानपणी ती आम्हा भावंडांना असले सिनेमे बघायला न्यायची, ज्यात एक माणूस जिना चढून वर पोचेपर्यंत आपण शाळेत एक इयत्ता पुढे गेलेलो असायचो. चुळबूळ केली की चिमटा बसायचा. “तो थकलाय. तुलाही थकलं पाहिजे. तोच तर सिनेमा आहे!”

या सगळ्यात एक सिनेमा मात्र देवघरातला. तो आमच्या घरात कुणी पाहिलेला नाही आणि पाठ सगळ्यांना आहे. मावशीने तो तरुणपणी, लग्नाआधी, चित्रपट मंडळात पाहिला. मिठागराच्या कडेला एक घर. त्यात नवरा-बायको. त्यांच्यात काहीतरी तुटलेलं आहे. काय ते कुणी सांगत नाही. एका सकाळी बायको कपाटावरची पेटी काढते, कोट घालते, लांबच लांब रस्त्याने चालत जाते. बस येते. ती बसमध्ये चढते. रस्ता रिकामा होतो, आणि पडदा तो रिकामा रस्ता दाखवत बसतो.

“आणि मग?” आम्ही विचारायचो. माहीत असूनही विचारायचो.

“मग ती परत येते!” मावशीचा आवाज इथे नेहमी खाली यायचा. “येताना दाखवतच नाहीत. एकदम स्वयंपाकघर. टेबलावर मटारची रास. ती सोलतेय. तो येतो, खुर्ची ओढतो, तोही सोलायला लागतो. कुणी ब्र काढत नाही. नुसते दाणे भांड्यात पडतात. टण, टण. आणि मागे कपाटावर, नीट बघितलं तरच दिसते हं, पेटी. पुन्हा जागच्या जागी! कुठे गेली होतीस नाही, का आलीस नाही. संपला सिनेमा.”

मावशीने हा सिनेमा नुसता पाहिला नाही. त्यावर संसार उभा केला. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं की ती पर्स उचलून निघून जायची. कुठे जायची ते कुणी विचारायचं नाही. तासा-दोन तासांनी दार वाजायचं, मावशी आत यायची, टेबलावर मटार ओतायची आणि सोलायला बसायची. काका वर्तमानपत्र ठेवून खुर्ची ओढायचे. टण, टण. भांडण मिटलं. मटारचा हंगाम नसेल तर लसूण. गोठवलेले सोललेले मटार पाकिटात मिळायला लागले तेव्हा ती दुकानदाराशी भांडली होती. “हे घेऊन माणसाने तडजोड कशी करायची?” दुकानदाराला अजून कळलेलं नाही की ती काय विचारत होती.

काकांबद्दल दोन शब्द. ते वीजखात्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना कधी राग येत नाही. आईच्या मते मावशीला इतका राग येण्याचं ते मूळ कारण आहे. तरुणपणी ते हौसेखातर चित्रपट मंडळाचं सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचे. तिथेच मावशी भेटली. हा सिनेमा ज्या दिवशी लागला त्या दिवशीच दोघांनी पहिला चहा एकत्र प्यायला. ही गोष्ट सांगताना मावशी लाजत नाही, पण काका दरवेळी उठून काहीतरी दुरुस्त करायला जातात. विनय आहे, असं आम्हाला वाटायचं.

आता मंडळाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा वणवा त्या पद्धतीमुळे पेटला. मंडळ वाचनालयाच्या तळघरात भरतं. लोखंडी खुर्च्या आहेत. कुणी कूस बदलली की खुर्ची मत देते. महिन्यातून एका रविवारी दुपारी एक सभासद आपला सर्वांत आवडता सिनेमा दाखवतो. आधी त्याने उभं राहून तो का आवडतो ते सांगायचं. सिनेमा झाला की चहा. चहा पिताना बाकीच्यांनी हवं ते बोलायचं. आणि ज्याची आवड आहे त्याने, शेवटचा कप खाली ठेवेपर्यंत, अवाक्षर काढायचं नाही. नुसतं ऐकायचं. हा नियम मंडळाच्या अध्यक्षांनी केला. ते दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याला बोलता येत नसताना आपण बोलत राहायचं, ही त्यांची धंद्यातली सवय.

मावशीची पाळी अनेक वर्षं लांबत गेली. तिला दाखवायचा होता तोच सिनेमा, आणि त्याची प्रत कुठेच मिळेना. आणि अचानक अध्यक्षांचा फोन आला. जुन्या सिनेमांची डागडुजी करणाऱ्या कुठल्याशा संस्थेने त्याची नवी स्वच्छ प्रत काढली होती. “ताई, तुमची मटारवाली बाई सापडली!”

मावशी आनंदाने इतकी संतापली की विचारू नका. “इतकी वर्षं काय झोपा काढत होते? आता सुचलं?” तिने नवी साडी काढली, जुनी ठेवली, पुन्हा नवी काढली. काकांचा चेहरा मात्र त्या दिवसापासून उतरत गेला. आधी म्हणाले, दुसरा एखादा सिनेमा दाखव ना, तो जिन्याचा चांगला होता. मग म्हणाले, जुन्या आठवणी जुन्याच बऱ्या. मग त्यांचा गुडघा दुखू लागला. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, “ती नवी प्रत… त्यात सगळं जसंच्या तसं असतं का रे?”

“असतं की. उलट जास्त स्पष्ट.”

“हं,” काका म्हणाले आणि आमच्या घरातला न बिघडलेला पंखा दुरुस्त करायला घेतला.

रविवार आला. तळघर भरलं होतं, म्हणजे निम्म्या खुर्च्यांवर माणसं होती. मावशी उभी राहिली. घोड्यांकडे पाठ करणाऱ्यांना झापणारी ती बाई, पण पहिल्या वाक्याला तिचा आवाज कापला.

“मी शेवट सांगणार नाही,” ती म्हणाली, आणि लगेच सांगितला. “एवढंच सांगते की ती परत येते. जग म्हणतं, एकदा पेटी उचलली की संपलं. हा सिनेमा म्हणतो, पेटी पुन्हा कपाटावर ठेवता येते. आणि त्यासाठी कुणाला एक शब्द बोलावा लागत नाही. मी यावर जगले आहे.”

टाळ्या पडल्या. अध्यक्ष मात्र खोकले. तो खोकला मला तेव्हाच खटकायला हवा होता.

सिनेमा खरोखर सुंदर होता. मिठाचे ढीग, त्यांवरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या, दाराला अडकवलेला कोट. मावशी पुढे झुकून बसली होती, ओठ हलत होते. पुढची प्रत्येक गोष्ट तिला आधी माहीत होती. आणि मग, सिनेमाचा बराच भाग अजून शिल्लक असताना, पडद्यावर स्वयंपाकघर आलं. टेबलावर मटारची रास.

मावशी ताठ झाली. “अजून गेली नाही ना ती,” ती पुटपुटली. “आधी जायला हवी.”

टण, टण. तो आला, खुर्ची ओढली, सोलू लागला. मागे कपाटावर पेटी होती.

तेवढ्यात काका उठले. अंधारात वाकून ते भिंतीच्या दिशेने निघाले. त्या भिंतीवर तळघराचा मेन स्विच आहे. वीजखात्यात माणसाचा जन्म गेला की त्याला कुठल्याही खोलीतला मेन स्विच वासाने सापडतो.

“आपण कुठे निघालात?” मावशीचा आवाज आला. मोठा नव्हता. काका जागच्या जागी बसले; तिथे खुर्ची होती हे त्यांचं नशीब.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मटार संपले. सकाळ झाली. तिने कपाटावरून पेटी काढली, कोट घातला, त्या लांब रस्त्याने चालत गेली. बस आली. ती चढली. रस्ता रिकामा राहिला. आम्ही बघत राहिलो, मावशी बघत राहिली. ती अजूनही वाट पाहत होती, हे मला तिच्या पदर धरलेल्या मुठीवरून कळत होतं. पडदा काळा झाला. दिवे लागले.

“लाव पुढचं,” मावशी म्हणाली.

“संपला, ताई,” अध्यक्ष म्हणाले.

मग चहा आला आणि नियम सुरू झाला. एकेक जण बोलू लागला, आणि मावशीला बोलता येईना. एक जण म्हणाला, ताईंनी शेवट उलटा सांगून आम्हाला छान चकवलं. दुसरी म्हणाली, मटार सोलणं हा निरोप आहे हे किती ठळक आहे. दोघांकडे बोलायला काही उरलेलंच नाही, म्हणून ती गप्प. एक तरुण मुलगी म्हणाली, “शाब्बास त्या बाईची! मी तर मटारला बसलेच नसते, तशीच गेले असते.” मावशीच्या कपातला चहा हिंदकळत होता. लोकांना वाटलं, ती भारावली आहे.

शेवटी अध्यक्षांनी घसा साफ केला. “मला आधी वाटलं, ‘परत येते’ हा तुम्ही लावलेला अर्थ असेल. आता लक्षात येतंय. तेव्हा फिल्म डब्यांतून यायची. एक डबा संपला की दिवे लावायचे, दुसरा चढवायचा. शेवटचे दोन डबे उलटे चढले असणार. त्यांत कुणी बोलत नाही, त्यामुळे कळणार कसं? दुसरा एखादा सिनेमा असता तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. आपल्या सिनेमात ‘समाप्त’ची पाटी नसते, दिवे लागले की समजायचं. आणि कळलं नाही तर विचारायची कुणाची हिंमत नसते.” ते स्वतःवरच खूश होऊन हसले. “मशीनवाल्याची चूक, दुसरं काय!”

तळघरात आमच्याखेरीज हे कुणालाच माहीत नव्हतं की मशीनवाला तिथेच बसला आहे. मावशीने मान वळवून काकांकडे पाहिलं. काकांच्या हातातलं बिस्कीट केव्हाच चहात पडलं होतं, तरी ते रिकामा हात तसाच बुडवत होते.

मावशीने कप खाली ठेवला. नियमाप्रमाणे आता तिला बोलायला मोकळीक होती. ती काहीही बोलली नाही. मी घाबरलो.

ती घरी निघाली. मी सोबत गेलो. खरं तर काकांनीच माझी बाही धरून ठेवली होती. दार लागलं, आणि ती म्हणाली, “आपल्याला माहीत होतं?”

“हो,” काका म्हणाले.

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. फिल्म गुंडाळताना. डबे आधीच्या गावाहून अदलाबदल होऊन आले होते. मी नंबर बघितला नाही. सांगायला म्हणून खाली आलो, तर तू जिन्याशी उभी. डोळे असे… आणि म्हणालीस, ‘ती परत आली!’” काकांनी भिंतीवरचा स्विच उगाच चालू-बंद केला. “मला तुझ्याबरोबर चहा प्यायचा होता.”

“चहा.”

“मग म्हटलं, नंतर सांगू. मग लग्न ठरलं. मग म्हटलं, लग्नानंतर. मग तू पहिल्यांदा भांडून गेलीस, आणि मटार घेऊन परत आलीस. त्यानंतर मी कुठल्या तोंडाने सांगणार?”

लोक मूग गिळून गप्प बसतात. आमच्या काकांनी मटार गिळले होते, आणि इतकी वर्षं ते घशात धरून ठेवले होते. मला हसू येत होतं, आणि ते किती चुकीचं आहे हे पुढच्याच क्षणी कळलं.

“अरे,” मावशी म्हणाली.

मी दचकलो. ‘अरे’ म्हणजे हवा स्वच्छ. पण हा ‘अरे’ आम्ही कधी ऐकलेला नव्हता. माप मोडलं होतं.

“अरे, तुला आठवतं, आपल्या धाकट्या लेकीच्या जन्माआधी मला संग्रहालयाने विचारलं होतं? जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकवणार होते. मोठ्या शहरात. रंगाचा एकेक पापुद्रा उचलून खाली काय आहे ते बघायचं काम. तू काय म्हणालास? ‘बघू.’ आपण भांडलो. म्हणजे मी भांडले. तू वर्तमानपत्राची घडी घातलीस. मी त्या दिवशी पर्स घेऊन नव्हते गेले. पेटी घेऊन गेले होते.”

काका खाली बसले.

“माहीत नाही ना तुला? तू बाहेर होतास. मी बसस्टॉपवर गेले. बस आली होती रे! दार उघडलं होतं. कंडक्टर म्हणाला, ‘येताय का बाई?’ आणि मला वाटलं, ती तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसून परत आली. मी काय अशी मोठी लागून गेले? कंडक्टरला म्हटलं, जा तुम्ही. घरी आले. पेटी कपाटावर ठेवली. मटार सोलले. तू आलास, खुर्ची ओढलीस, सोलायला लागलास. तुझा हात किती सराईत चालत होता! आणि मी मनात म्हणत होते, बघ, किती मोठं आहे हे. एक शब्दही लागत नाही.”

“मला वाटलं, आपलं ठरलंच आहे,” काका म्हणाले. “विचारायचं नाही म्हणून.”

“कुणी ठरवलं? त्या बाईने? ती तर बसमध्ये चढली! ती गेली रे! ती गप्प बसली होती कारण तिचं जायचं ठरलं होतं. आणि मी, गाढवीण, जन्मभर तिच्या गप्प बसण्याची नक्कल करत घरी येत राहिले! आणि तू ते बघत राहिलास. माहीत असून! प्रत्येक वेळी तुला माहीत होतं की खरी बाई परत आलेली नाही. तरी तू खुर्ची ओढायचास!”

काका काही बोलले नाहीत. न बोलण्याचा त्यांना दांडगा सराव होता.

मावशी स्टुलावर चढली. मी पुढे झालो तर म्हणाली, “तू लांब राहा.” कपाटावरची पेटी तिने धुळीसकट खाली ओढली, हाताला येईल ते त्यात कोंबलं, आणि नव्या साडीवर धुळीचे पट्टे घेऊन निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने काका स्वतःशीच म्हणाले, “येईल. ती परत येते.”

“काका,” मी म्हटलं, “ती परत येत नाही. आत्ताच बघितलं ना आपण?”

त्यांचा चेहरा असा झाला, की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. पण खरं होतं ते. इतकी वर्षं त्या घरात कुणालाच भीती नव्हती. शेवट ठाऊक होता. आता कुणालाच ठाऊक नव्हता.

ती आमच्याकडेच आली होती, सख्ख्या बहिणीकडे. आईने एवढंच विचारलं, “जेवलीस?” त्यावरही ती भडकली. काकांचे फोन आले, तिने घेतले नाहीत. रागारागाने आमच्या घरातल्या भिंतीवरची दोन कॅलेंडरं काढून टाकली. म्हणाली, असली चित्रं बघत जेवता तरी कसे? त्या क्षणी आईच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम संग्रहालयात गेलो. मावशी खुर्चीवर नव्हती. एक जोडपं घोड्यांकडे पाठ करून हवे तेवढे फोटो काढत होतं आणि त्यांना कुणी काही बोलत नव्हतं. ती खिडकीशेजारी, त्या वीतभर चित्रासमोर उभी होती.

“छत्री ओली आहे,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “सुकायला ठेवलीय. म्हणजे कुणीतरी आलंय. एवढं तरी खरं ना? की हेही कुणी उलटं टांगलंय?”

“नाही मावशी. पाणी खालीच आहे.”

ती फसकन हसली आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली. मग पुन्हा चित्राकडे वळली. “घर गप्प आहे बघ,” ती म्हणाली. “कुणीतरी भिजून आलंय, आणि टॉवेल घेऊन यावं असं घरात कुणाला वाटलं नाही. मला इतकी वर्षं ती छत्रीच दिसायची. हा मोकळा पॅसेज दिसलाच नाही.”

“मग आवडत नाही आता?”

“आवडतं. का नाही आवडणार? चित्राने काय घोडं मारलंय?” मग तिला त्या जोडप्याचा आवाज आला, आणि ती गर्रकन वळली. “अहो, घोड्याकडे तोंड करा!”

संध्याकाळी तिने मला हुकूम सोडला, “पेटी उचल. चल.” कुठे ते विचारायची सोय नव्हती. वाटेत भाजीवाल्यापाशी थांबली, मटार घेतले. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. पुन्हा टण, टण, पुन्हा पेटी कपाटावर, आणि मी मात्र आयुष्यभर त्या कंडक्टरला विसरू शकणार नाही.

काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. घरातले सगळे पंखे, दिवे, इस्त्री, रेडिओ उघडे करून ठेवलेले. रात्रभर माणूस दुरुस्त करत बसला होता. तिला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली. ते लगबगीने पेटीकडे आले, माझ्या हातातून घेऊन कपाटाकडे निघाले.

“ती तिथेच राहू दे,” मावशी म्हणाली. “दाराशी. कुठे ठेवायची ते नंतर बघू.”

तिने टेबलावर मटार ओतले. काकांनी सवयीने खुर्ची ओढली, एक शेंग उचलली. मावशी बसली नाही. हाताची घडी घालून त्यांच्या समोर उभी राहिली.

“सोल,” ती म्हणाली. “सगळे तू सोलायचे. आणि सोलता सोलता बोलायचं.”

“काय बोलू?”

“‘बघू’ म्हणालास त्या दिवसापासून सुरू कर. का म्हणालास ‘बघू’?”

काकांनी शेंग मोडली. दाणे भांड्यात पडले. दुसरी मोडली. त्यांच्या कपाळावर घाम आला. विजेच्या खांबावर चढतानाही त्यांना इतका घाम येत नसेल. मला वाटलं, हा माणूस आता रडेल, नाहीतर मेन स्विचकडे जाईल.

“मला वाटलं,” ते म्हणाले, आणि थांबले.

“जोरात. मला ऐकू आलं पाहिजे.”

“मला वाटलं, तू गेलीस तर… तुला कळेल. की तुला माझी गरज नाही. मला तर ते चहाच्या दिवसापासून माहीत होतं.”

मावशी हलली नाही. तिचा राग जागच्या जागी होता. डोळे नुसते तापलेले. पण तिने मागे हात करून चाचपडत खुर्ची शोधली आणि बसली.

“पुढे?”

काकांनी पुढची शेंग मोडली आणि गोंधळून एक दाणा तोंडात टाकला.

“खाऊ नको,” मावशी म्हणाली. “बोल.”